पर्यवेक्षक कुणाचा? सीमेवर अडलेली दूरशिक्षणाची परीक्षा

दूरशिक्षणात जवळजवळ सर्व काही विद्यार्थ्याच्या दारापर्यंत येते. पाठ्यपुस्तके टपालाने येतात, व्याख्याने मोबाइलवर ऐकता येतात, स्वाध्याय घरी बसून लिहिता येतात, शुल्कही घरूनच भरता येते. परीक्षा मात्र घरी येत नाही. तिच्यासाठी विद्यार्थ्यालाच उठून कुठे तरी जावे लागते, आणि तिथे त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस उभा असावा लागतो. मराठीत आपण त्याला पर्यवेक्षक म्हणतो.

हा माणूस दिसतो तितका किरकोळ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार दूरस्थ अभ्यासक्रमात सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भारांश द्यावा लागतो. अंतर्गत मूल्यमापन ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. वर्षभराच्या घरच्या अभ्यासाचे मोल असे तीन तासांच्या लेखनावर ठरते. ते तीन तास प्रामाणिकपणे पार पडले याची ग्वाही देणारा पर्यवेक्षकच असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले. या समकक्षतेचा खरा आधार परीक्षादालनातली विश्वासार्हता हाच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील सकल नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. २०१८ मध्ये हे प्रमाण २६.३ टक्के होते. दूरशिक्षणाचा मोठा वाटा असल्याशिवाय हे अंतर कापता येणार नाही, हे धोरणकर्त्यांनाही ठाऊक आहे.

तेव्हा प्रश्न असा की, पर्यवेक्षकाची व्यवस्था करायची कुणी, आणि तो कुणाचा माणूस असावा? मोठ्या शहरात हा प्रश्न जाणवतही नाही. सीमेवरच्या खेड्यात मात्र पदवी मिळणे न मिळणे त्यावर अवलंबून राहते.

मुडबीहून दिसणाऱ्या तीन वाटा

मुडबी हे कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातले होबळीचे गाव. कलबुर्गी जिल्ह्याची हद्द इथून जवळ आहे, महाराष्ट्राची हद्दही फार दूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा टापू हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचेच भाग पडले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्याला मिळाला. नकाशा बदलला, पण सोयरिकी, बाजार आणि बोली तशाच राहिल्या. बसवकल्याण, भालकी, औराद या तालुक्यांत आणि कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद परिसरात आजही मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतली बरीचशी माणसे मराठी, कन्नड, दखनी अशा तिन्ही भाषांत सहज वावरतात.

कर्नाटकात दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. त्यापुढे मात्र ही वाट अरुंद होत जाते. मुडबीसारख्या गावातल्या एखाद्या मुलीचे बारावीनंतर लग्न झाले, किंवा शेतीच्या कामामुळे तिला रोज महाविद्यालयात जाणे जमेनासे झाले, तर पदवीसाठी तिच्यापुढे दूरशिक्षणाच्या तीन वाटा उरतात.

पहिली वाट म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विभागीय केंद्र कलबुर्गीत आहे, म्हणजे परीक्षा राज्यातच, तुलनेने जवळ. मात्र अध्यापनाची मुख्य माध्यमे कन्नड आणि इंग्रजी. दुसरी वाट इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाला साऱ्या देशाचे कार्यक्षेत्र आहे आणि बीदर-कलबुर्गी भाग त्याच्या विजयपूर विभागीय केंद्राखाली येतो. त्याचे बहुतेक पदवी अभ्यासक्रम इंग्रजी आणि हिंदीत आहेत. तिसरी वाट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. १९८९ पासून हे विद्यापीठ मराठीतून पदवीपर्यंतचे शिक्षण देत आले आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीदवाक्य. पण राज्य विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्याच्या सीमेपाशी संपते. मुडबीच्या विद्यार्थिनीला या गंगेत उतरायचे तर नाव घालायला आणि परीक्षा द्यायलाही सीमा ओलांडून धाराशिव किंवा लातूर जिल्ह्यातच, उमरगा-निलंग्याच्या बाजूला जावे लागणार.

परीक्षा जवळ हवी तर भाषा बदलावी लागते, आणि भाषा राखायची तर परीक्षेसाठी परराज्यात जावे लागते. आठ-दहा दिवस, दर पेपरला, सकाळी वेळेवर पोहोचायचे. बसवकल्याणपर्यंत एक बस, तिथून महामार्गावर दुसरी. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो, पण ती सवलत राज्यांतर्गत प्रवासाची आहे. बरोबर सोबतीला कुणी हवे, तान्हे मूल असेल तर त्याला सांभाळणारे कुणी हवे, शेतातल्या मजुरीचे दिवस बुडतात ते वेगळेच. अशा विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षी परीक्षेचा अर्जच भरला नाही, तर कागदोपत्री तिची नोंद 'गळती' म्हणून होते. त्या शब्दावरून तिचा अभ्यास कमी पडला असे वाटते. प्रत्यक्षात कमी पडलेली असते ती व्यवस्था.

दंडक कशासाठी आला

राज्य विद्यापीठाने आपल्या राज्याबाहेर दूरस्थ अभ्यासक्रमांची केंद्रे चालवू नयेत, हा दंडक कुणाच्या भाषाद्वेषातून आलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यामागे कटू अनुभव आहे.

२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर निर्णय देताना छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठांचा बाजार थांबवला. राज्याच्या कायद्याने जन्मलेले विद्यापीठ राज्याबाहेर आपले जाळे पसरू शकत नाही, ही भूमिका त्या निकालाने ठळक झाली. पुढे याच भूमिकेचा तडाखा कर्नाटकाला बसला. म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठाने राज्याबाहेर, खासगी संस्थांच्या हाती अभ्यासकेंद्रे सोपवून अभ्यासक्रम चालवल्याचा ठपका आला आणि २०१५ मध्ये आयोगाने २०१२-१३ नंतरच्या काळासाठी विद्यापीठाची मान्यता नसल्याचे जाहीर केले. मान्यता परत मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश घेतला, फी भरली, पेपर लिहिले, त्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या गुणपत्रिका नोकरीच्या दारात अडल्या. बीदर-कलबुर्गी भागातल्या घरांनी हा अनुभव जवळून पाहिला आहे.

त्या साऱ्या प्रकाराच्या मुळाशी एक साधे गणित होते. अभ्यासकेंद्र चालवणाऱ्याचे उत्पन्न विद्यार्थिसंख्येवर. विद्यार्थी टिकतात ते उत्तीर्ण झाल्यावर. आणि त्यांच्या परीक्षेवर देखरेख करणारा पर्यवेक्षक त्याच केंद्राच्या पगारावर. ज्याचा लाभ उत्तीर्ण होण्यात गुंतलेला आहे त्याच्याच हाती राखण दिली, तर कुंपण शेत खाणारच. आयोगाने नंतरच्या विनियमांत केंद्रे खासगी मध्यस्थांकडे देण्यास बंदी घातली, प्रत्येक परीक्षा केंद्रावर विद्यापीठाचा निरीक्षक, सीसीटीव्ही चित्रण आणि शासकीय ओळखपत्रावर आधारलेली हजेरी बंधनकारक केली, ती या पार्श्वभूमीवर.

अभ्यासकेंद्र वेगळे, परीक्षादालन वेगळे

इथेच एक गल्लत झाली आहे. अभ्यासकेंद्र आणि परीक्षादालन या दोन भिन्न गोष्टी आहेत, पण दंडकाने त्यांना एकाच दोरीने बांधले.

अभ्यासकेंद्र विद्यार्थी मिळवते, शुल्क घेते, वर्ग चालवते, जाहिरात करते. परराज्यात त्याच्यावर मूळ विद्यापीठाचे नियंत्रण सैल पडते, आणि गैरव्यवहार शिरतो तो इथून. परीक्षादालन यातले काहीच करत नाही. ठरलेल्या दिवशी बाके, पंखे, पाणी आणि चार विश्वासू माणसे पुरवायची, सीलबंद पाकिटे फोडायची, उत्तरपत्रिका मोजून पुन्हा सीलबंद करायच्या, एवढेच त्याचे काम. प्रश्नपत्रिका काढणारे नाशिकला, उत्तरपत्रिका तपासणारे नाशिकला, निकाल लावणारेही नाशिकलाच. अशा दालनाने राज्याची सीमा ओलांडली म्हणून विद्यापीठाने कार्यक्षेत्र वाढवले असे मानायचे कारण नाही.

उलट परक्या संस्थेचा पर्यवेक्षक अधिक निःपक्षपाती ठरण्याची शक्यता आहे. बसवकल्याणच्या एखाद्या सरकारी पदवी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला नाशिकच्या विद्यापीठाचा निकाल ४० टक्के लागला काय किंवा ८० टक्के लागला काय, सारखेच. त्याचा लाभ निकालात गुंतलेला नाही. ज्या हितसंबंधामुळे २०१५ चे प्रकरण घडले, तो इथे नाहीसाच होतो. म्हणून दंडकाचा हेतू पाळायचा असेल तर अध्यापन करणारी संस्था आणि पर्यवेक्षण करणारी संस्था वेगळ्या ठेवणे हाच खरा उपाय ठरतो. सीमेवरची बंदी हा त्या उपायाचा एक ठोकळेबाज पर्याय आहे.

सध्याच्या नियमांतली विसंगतीही इथेच दिसते. आयोगाच्या २०२० च्या विनियमांत ऑनलाइन पद्धतीच्या अभ्यासक्रमांना भौगोलिक मर्यादा नाही. पात्र विद्यापीठाचा विद्यार्थी देशात कुठेही असो, त्याची परीक्षा संगणकीय देखरेखीखाली घेता येते. कॅमेऱ्याने राज्याची सीमा ओलांडलेली चालते, पण बसवकल्याणच्या सरकारी महाविद्यालयातला प्राध्यापक तेच काम करू म्हणेल तर चालत नाही. कोणता पर्यवेक्षक अधिक विश्वासार्ह, हा विचार या भेदामागे दिसत नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन असे दोन रकाने आखले गेले आणि विद्यार्थिनी त्यांच्या मधल्या रेघेवर अडकली.

'आपला पर्यवेक्षक आपणच शोधा'

दुरून परीक्षा घेण्याचा प्रश्न जगाला नवा नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या महाविद्यालयांत न शिकलेल्यांनाही पदवी परीक्षेला बसण्याची मुभा दिली, आणि १८६५ मध्ये मॉरिशसमध्ये परीक्षा घेतली. शिकवणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा आणि दालन तिसऱ्याचे, ही रचना तेव्हापासूनची आहे. त्या विद्यापीठाचे परदेशस्थ विद्यार्थी आजही ब्रिटिश कौन्सिलसारख्या संस्थांच्या दालनात बसून पेपर लिहितात. आपल्याकडे 'बहिःस्थ विद्यार्थी' ही कल्पना याच परंपरेतून रुजली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले तेही या पायावरच.

अमेरिका आणि कॅनडात आणखी एक पद्धत रूढ झाली. तिथे दूरशिक्षणाच्या अनेक संस्था विद्यार्थ्यालाच सांगतात की, आपला पर्यवेक्षक आपण शोधावा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल, शाळेचे मुख्याध्यापक, जवळच्या महाविद्यालयाचे परीक्षा कार्यालय, सैन्यातल्यांसाठी तिथला शिक्षणाधिकारी, अशांपैकी कुणाचे नाव विद्यार्थी कळवतो. नातेवाईक, मित्र, शेजारी, कचेरीतला वरिष्ठ चालत नाही. विद्यापीठ त्या व्यक्तीच्या पदाची आणि पत्त्याची खातरजमा करते, प्रश्नपत्रिका थेट तिच्याकडे पाठवते आणि उत्तरपत्रिकाही थेट तिच्याकडूनच घेते. मानधन बहुधा विद्यार्थ्याने द्यायचे. विखुरलेल्या वस्तीच्या देशात ही सोय मोठी आहे.

ती जशीच्या तशी बीदरला आणता येईल का? येणार नाही, आणि त्याचे कारण आपण स्वतःशी तरी मान्य करावे. आपल्या खेड्यात शाळेचे गुरुजी आणि विद्यार्थ्याचे घर यांच्यात ओळख, नाते, जात, उधारी, पंचायतीचे राजकारण असे अनेक धागे असतात. गावातल्या वजनदार माणसाच्या मुलाला कॉपी करताना पकडणे एकट्या गुरुजींना अवघड आहे, आणि दुबळ्या घरातल्या सुनेसाठी तीन तास दालन उघडून बसायला कुणी सहज तयार होईल असेही नाही. विद्यार्थ्याने पर्यवेक्षक आणायचा म्हटले की ज्याची ओळख मोठी त्याची सोय चांगली. शिवाय महाराष्ट्राला परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ मध्येच कायदा करावा लागला, आणि कॉपीमुक्त अभियान, भरारी पथके, बैठी पथके यांची आजही गरज भासते, हा अनुभव विसरता येत नाही.

या संदर्भात आपल्याच नियमांतला एक तपशील विचारात घेण्याजोगा आहे. अपंग परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक आणण्याची मुभा केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिली आहे. लेखनिक परीक्षार्थीचा असू शकतो, पण त्या दोघांवर नजर ठेवणारा पर्यवेक्षक केंद्राचाच असतो. सोय विद्यार्थ्याची आणि ग्वाही संस्थेची, अशी ही वाटणी आहे. सीमाभागासाठीही याच वाटणीने विचार करावा लागेल.

कॅमेऱ्याचा पहारा

आता एवढे कशाला, कॅमेरा आहे की, असे म्हणणारे बरेच भेटतात. महामारीच्या काळात ऑनलाइन परीक्षा सर्वत्र झाल्या. विद्यार्थ्याचा चेहरा, नजर, खोलीतला आवाज टिपून संशय आल्यास लाल खूण करणाऱ्या प्रणाली तेव्हापासून रुळल्या.

या पहाऱ्याने गृहीत धरलेले घर मुडबीत क्वचितच सापडेल. स्वतंत्र खोली, बंद दार, तीन तास अखंड वीज, न तुटणारे नेटवर्क आणि कॅमेऱ्याचा संगणक, एवढे सगळे एकाच छताखाली हवे. ज्या घरात एक मोठी खोली आणि तिच्यात पाच माणसे आहेत, तिथे पाठीमागून जाणारी सासू ही प्रणालीच्या दृष्टीने संशयित व्यक्ती ठरते, आणि रडणारे मूल हा संशयित आवाज. खासगीपणाचा मुद्दाही आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका संघराज्य न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकारी विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावणे ही घटनाबाह्य झडती असल्याचे ठरवले. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे. घरातल्या स्त्रीने आपल्या खोलीचे चित्रण कुण्या अनोळखी कंपनीकडे द्यावे, ही अट पदवीच्या अर्जात सहज मान्य होण्यासारखी नाही.

ज्याच्याकडे सोय आहे त्याला कॅमेऱ्याचा पर्याय असावा. पण गावाला तोच एकमेव पर्याय देणे म्हणजे प्रवासाची अडचण काढून घराची अडचण पुढे करणे होय.

वाट आपल्याच घरात आहे

अध्यापन आणि पर्यवेक्षण वेगळे करण्याचा प्रयोग भारतात आधीच चालू आहे. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावर एका विद्यापीठाचा प्राध्यापक शिकवतो, साऱ्या देशातले विद्यार्थी शिकतात, आणि परीक्षा देशभरातल्या शहरांत ठरवलेल्या केंद्रांवर, देखरेखीखाली होते. आयआयटींच्या 'एनपीटीईएल' अभ्यासक्रमांत प्रमाणपत्राचे ७५ टक्के गुण अशा केंद्रावरील परीक्षेचे असतात. शिकवणारी संस्था चेन्नईची आणि विद्यार्थी कलबुर्गीचा असला तरी कुणाचे कार्यक्षेत्र भंगत नाही. या गुणांकनाचा लाभ विद्यापीठाच्या पदवीत घेता येतो आणि आयोगाने २०२१ मध्ये त्याची मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. पदवीचा एवढा मोठा हिस्सा परक्या दालनात मिळवता येत असेल, तर उरलेल्या हिश्शालाच सीमा का आडवी यावी?

दुसरे उदाहरण कारागृहांचे. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांची केंद्रे कारागृहांत चालतात. नागपूरचे मध्यवर्ती कारागृह हे त्यातले एक. बंद्याला बाहेर नेता येत नाही, म्हणून परीक्षा आत जाते. विद्यार्थी येऊ शकत नसेल तर परीक्षेने जावे, हे तत्त्व तिथे विनातक्रार स्वीकारले गेले, आणि ते योग्यच झाले. मुडबीच्या विद्यार्थिनीला कोणत्याही भिंतीने अडवलेले नाही, तरी तिच्या वाट्याला हे तत्त्व आलेले नाही.

बसवकल्याणात काय करता येईल

मग प्रत्यक्षात काय करावे? चार पावले पुरेशी आहेत, आणि त्यांतले एकही अशक्य कोटीतले नाही.

पहिले पाऊल आयोगाचे. 'केवळ परीक्षा केंद्र' अशी वेगळी वर्गवारी विनियमांत आणावी. अशा केंद्राला विद्यार्थी नोंदवण्याचा, शुल्क घेण्याचा किंवा जाहिरात करण्याचा अधिकार नसेल. ते सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयातच असेल, खासगी मध्यस्थाकडे नाही. एवढी मर्यादा घातली की २०१५ ची पुनरावृत्ती होण्याचा मार्गच बंद होतो.

दुसरे पाऊल दोन मुक्त विद्यापीठांमधल्या कराराचे. म्हैसूरने बसवकल्याण, भालकी, औराद, आळंद इथे नाशिकच्या विद्यार्थ्यांना दालन द्यावे. नाशिकने सोलापूर, अक्कलकोट, जत या भागात म्हैसूरच्या कन्नड विद्यार्थ्यांना द्यावे. महाराष्ट्राच्या हद्दीत राहणाऱ्या कन्नड घरांची अडचण हुबेहूब अशीच आहे, हे आपण मराठी माणसे बोलताना विसरतो. देवाणघेवाण समसमान असेल तर कुणी कुणावर उपकार केल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

तिसरे पाऊल पैशाचे. एका केंद्रावर दहा-पंधराच परीक्षार्थी असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र चालवणे कोणत्याही विद्यापीठाला परवडत नाही. पण त्याच दालनात, त्याच आठवड्यात इग्नूचे, म्हैसूरचे आणि नाशिकचे परीक्षार्थी एकत्र बसले तर पर्यवेक्षकाचे मानधन, सीसीटीव्ही आणि शिपायाचा खर्च तिघांत वाटला जातो. शेजारच्या बाकावर वेगळ्याच विद्यापीठाची प्रश्नपत्रिका असेल तर कॉपीलाही वाव उरत नाही. मात्र हा खर्च विद्यापीठांनी उचलावा. पर्यवेक्षकाचा खर्च विद्यार्थ्यावर टाकला की सोय पुन्हा ऐपतीवर जाते.

चौथे पाऊल दक्षतेचे. नाशिकने आपला निरीक्षक पाठवावा, तो दरवर्षी बदलावा. प्रश्नपत्रिका आता अनेक विद्यापीठे परीक्षेच्या काही वेळ आधी सांकेतिक कुलूप लावून संगणकावरून पाठवतात, त्यामुळे पाकिटे वाटेत फुटण्याची भीती कमी झाली आहे. पर्यवेक्षकाला मराठी यावे की नाही, हा प्रश्न कुणी विचारील. सूचना वाचून दाखवण्यापुरती यावी. बसवकल्याणात तेवढी मराठी जाणणारा प्राध्यापक मिळणे कठीण नाही.

गोव्याला याच्याशी काय देणेघेणे

हा प्रश्न बीदरचा आहे, गोव्याचा नाही, असे वाचकाला वाटू शकेल. वस्तुतः गोवा याच दोरीने बांधलेला आहे. गोव्याला स्वतंत्र राज्य मुक्त विद्यापीठ नाही. दूरशिक्षणासाठी गोमंतकीय विद्यार्थ्याचा मुख्य आधार म्हणजे इग्नूचे पणजी विभागीय केंद्र. पेडणे, डिचोली, सत्तरीत मराठी प्राथमिक शाळांतून शिकलेला विद्यार्थी पुढे इतिहास किंवा राज्यशास्त्र मराठीतून लिहू म्हणेल, तर गोव्यातल्या महाविद्यालयांचे माध्यम मुख्यतः इंग्रजी. नाशिकचे विद्यापीठ सिंधुदुर्गात आहे, तेरेखोल नदीच्या अलीकडे नाही. मुडबी आणि उमरगा यांच्यामध्ये जी रेघ आहे, तीच पत्रादेवीच्या नाक्यावरही आहे.

त्याशिवाय गोव्याचा एक खास प्रश्न आहे. आमचे तारवटी महिनोन्महिने समुद्रावर असतात, कित्येक घरांतली माणसे आखातात असतात. जून आणि डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षा त्यांच्या बोटीचे वेळापत्रक पाहून येत नाहीत. मोठ्या बंदराच्या शहरातली एखादी मान्यताप्राप्त संस्था दालन आणि पर्यवेक्षक पुरवू शकली, तर त्यांचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे होईल. विद्यापीठ आणि पर्यवेक्षक वेगळे असू शकतात हे तत्त्व एकदा नियमात आले की बीदरचे खेडे आणि बोटीवरचा कामगार दोघांनाही त्याचा लाभ मिळतो. छोट्या राज्याने असा आग्रह धरण्यात विशेष अर्थ आहे, कारण छोट्या राज्याला प्रत्येक सोय स्वतः उभारता येत नाही. शेजाऱ्याची सोय वापरण्याची मुभा हीच त्याची गरज असते.

सीमावाद आणि परीक्षा

एक आक्षेप राहतो, आणि तो राजकीय आहे. महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा पडून आहे, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ठरावही केला. अशा वातावरणात नाशिकच्या विद्यापीठाचा फलक बसवकल्याणात लागला तर बंगळूरला तो शिरकाव वाटेल, आणि म्हैसूरचा फलक अक्कलकोटला लागला तर मुंबईत कुणी तरी आवाज उठवील. हा धोका खरा आहे. म्हणूनच फलक नको, केंद्र नको, कार्यालय नको. वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, यजमान महाविद्यालयाच्याच नावाखाली एक दालन उघडावे आणि परीक्षा संपताच बंद करावे.

दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. १९५६ पासून तीन पिढ्या त्या निकालाची वाट पाहत आहेत, आणि दरम्यान प्रत्येक पिढीतली मुले अठरा वर्षांची होत आहेत. भूमी कुणाची हे ठरेपर्यंत त्यांच्या शिक्षणाने थांबावे, असे दोन्ही राज्यांतला कुणीही जबाबदार माणूस उघडपणे म्हणणार नाही. मात्र आजच्या नियमांचा परिणाम तोच होतो आहे.

बसवकल्याणात सरकारी दालने आहेत, बाके आहेत, प्राध्यापक आहेत, आणि इतर विद्यापीठांच्या परीक्षा तिथे नेमाने होतात. त्या दालनातल्या एका रांगेत मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांना बसू द्यायचे, एवढीच ही मागणी आहे. आयोगाने विनियमांत एका कलमाची भर घालावी आणि दोन कुलगुरूंनी एका करारावर सह्या कराव्यात. पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरताना मुडबीच्या विद्यार्थिनीला केंद्राच्या रकान्यात 'बसवकल्याण' लिहिता आले, तर दूरशिक्षण तिच्यासाठी खऱ्या अर्थाने जवळ आले असे म्हणता येईल.